नव्या पंख्याचे जुने बोल्ट

१

राजवीर इंगवलेनं विमानाच्या पंख्याचं पातं दोन्ही हातांनी धरून जोरात हलवलं, आणि ते हललं.

हलायला नको होतं. विमानाचा पंखा, म्हणजे प्रोपेलर, गोल फिरतो, पण पुढंमागं तसूभरही सरकत नाही. हा सरकला. विमानाच्या नाकावर जी निमुळती टोपी असते तिच्याआडून खडखड आवाज आला, आणि हार घेऊन आलेली मंडळी जिथल्या तिथं उभी राहिली.

कागलच्या पुढं ऊस संपून माळ सुरू होतो, तिथं बाळासो चौगुल्यांनी आपल्या जमिनीत छोटी धावपट्टी केली होती. माणूस फौंड्रीवाला. सगळं आयुष्य वितळलेल्या लोखंडाच्या धगीत गेलं आणि साठीला टेकल्यावर त्यांना विमानाचं वेड लागलं. दोनच माणसं बसतील असं हलकं विमान त्यांनी घेतलं होतं. त्याचा मूळचा लाकडी पंखा झिजला होता, म्हणून तीन पात्यांचा, कार्बनचा नवा पंखा मागवला होता. शनिवारी दुपारी तो बसवला आणि रविवारी सकाळी पहिलं उड्डाण ठरलं. विमान चालवणार राजवीर. शेजारी बसणार बाळासोंची मुलगी अवनी, जी त्याच्याकडंच विमान शिकत होती.

पंखा बसवला होता स्नेहलनं. ती राजवीरची बायको. माहेर गडहिंग्लजकडचं, घर शेतकऱ्याचं. विमान दुरुस्तीचं लायसन तिनं पहिल्या फटक्यात मिळवलं होतं. बाळासोंकडं लागून तिला फार दिवस झाले नव्हते, आणि आता हैदराबादच्या एका मोठ्या कंपनीनं तिला बोलावलं होतं. नेमणुकीचं पत्र यायचं तेवढं बाकी होतं.

तिनं धावत येऊन टोपी काढली. आत पंखा इंजिनाला आवळून धरणारे सहा बोल्ट होते. तिनं एकावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला.

ते बोल्ट जुन्या पंख्याचे होते.

लाकडी पंख्याचा मधला गड्डा जाड, म्हणून त्याचे बोल्ट लांब. नव्याचा गड्डा पातळ, म्हणून त्याचे आखूड. पातळ गड्ड्यात लांब बोल्ट घातला तर आटे आधी संपतात. पाना लावणाऱ्याला वाटतं बोल्ट घट्ट बसला, पण खालचा पंखा सुटाच राहतो. हे फौंड्रीवाल्या बाळासोंना कुणी सांगायला लागलं नाही. इंजिन पूर्ण ताकदीनं चाललं असतं तर पंखा उसळून निघाला असता, आणि त्या वेळी विमान हवेत असतं तर दोघांपैकी कुणी परतलं नसतं.

नवे, आखूड बोल्ट हँगरच्या, म्हणजे विमान ठेवायच्या शेडच्या, कोपऱ्यात सापडले. जुना लाकडी पंखा भिंतीला टेकवून ठेवला होता, त्याच्या पायाशी, एका फडक्यात नीट गुंडाळलेले. ते फडकं स्नेहलचंच होतं. जुने बोल्ट आपण त्यात बांधून ठेवले होते, असं ती आदल्या दिवशी सगळ्यांना सांगत होती.

राजवीरनं तिच्या खांद्यावर हात ठेवला. चूक माणसाकडूनच होते, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला.

२

बाळासोंनी पोलिसांना बोलावलं नाही. त्यांनी विमला सरनोबतांना बोलावलं.

विमलाबाई कोल्हापुरात पोलीस इन्स्पेक्टर होत्या. निवृत्त होऊन शाहूपुरीत राहत होत्या. अर्धं गाव त्यांना आक्का म्हणायचं आणि उरलेलं अर्धं त्यांच्या वाटेला जायचं नाही. गुडघे दुखायचे, त्यामुळं आल्या आल्या त्यांनी खुर्ची मागवली, ती विमानाच्या नाकासमोर ठेवली आणि सगळी हकिकत बसून ऐकली.

बाळासोंची अडचण साधी होती. असा प्रकार घडला की विमान खात्याच्या दिल्लीच्या ऑफिसला कळवावंच लागतं. सोमवारी संध्याकाळी ते कळवणार होते. चूक स्नेहलची म्हणून कळवलं तर तिचं लायसन काढून घेतील आणि हैदराबादचंही संपलं.

"आक्का, मला ही पोरगी लेकीसारखी हाय," बाळासो म्हणाले. "पण माझी खरी लेक त्या विमानात बसणार हुती. खोटं मी लिहिणार न्हाय. खरं काय ते मला पायजे."

आक्कांनी आधी स्नेहलला बोलावलं. मुलगी रडत नव्हती. आवाज मात्र बारीक झाला होता. शनिवारी दुपारी आपण नवा पंखा चढवला, नवे बोल्ट घातले, टॉर्कच्या पान्यानं आवळले, ठरलेला जोर पडल्यावर पाना प्रत्येक वेळी टक् करून वाजला, मग प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावरून गड्ड्यापर्यंत लाल रंगाची रेघ ओढली, असं तिनं क्रमानं सांगितलं. ती रेघ यासाठी, की नंतर बोल्ट फिरला तर रेघ तुटलेली दिसावी. शेवटी टोपी बसवली.

आक्कांनी विचारलं, आज पंख्यात सापडलेल्या जुन्या बोल्टांवर रेघ होती काय? होती, स्नेहल म्हणाली. अगदी सरळ, ती ओढते तशीच. रंगाची बाटली तिच्या पेटीतच होती.



"सकाळपासून मी आठवायला लागलेय," ती म्हणाली. "दोन्ही बोल्ट शेजारी शेजारीच होते. मी नवेच उचलले, हे मला दिसतंय. पण राजवीर म्हणतो, माणसाला जे केलं असावंसं वाटतं तेच आठवतं. त्यानं मला चहा करून दिला, समजूत घातली. आक्का, मीच केलं असेल. मी माझ्या नवऱ्याला मारलंच होतं."

३

आक्कांनी पुष्कळ गुन्हेगार पाहिले होते. न केलेला गुन्हा कबूल करणारी माणसंही पाहिली होती. ही कोणत्या जातीतली, ते त्यांना अजून कळत नव्हतं.

त्यांनी स्नेहलला सांगितलं की आता स्वतःबद्दल एक शब्द बोलू नकोस. हा पंखा दुसऱ्या कुणी बसवलाय आणि तुला तपासायला बोलावलंय असं समज. तो उतरव आणि काय दिसतं तेवढंच मला सांग.

हातात पाना आला तसा मुलीचा आवाज बदलला. सुटे झालेले बोल्ट तिनं काढले, त्यांच्या खालच्या वॉशर चकत्या काढल्या आणि पंखा गादीवर आडवा ठेवला. गड्डा ॲल्युमिनियमचा, त्यावर काळा मुलामा. तिनं बॅटरीचा उजेड पाडला, वाकून पाहिलं, आणि ती वाकलेलीच राहिली.

"काय दिसतंय?" आक्कांनी विचारलं.

"वळ."

"कसले?"

"वॉशरचे. प्रत्येक भोकाभोवती एकेक गोल. मुलामा दबून चमकतोय."

आक्का म्हणाल्या, मला त्यातलं कळत नाही, नीट सांग. स्नेहल सावकाश उठून उभी राहिली. वॉशर नुसती ठेवून असा वळ उमटत नाही, ती म्हणाली. बोल्ट खरोखर आवळला जाऊन जबर दाब पडला तरच उमटतो. लांब बोल्टांचे आटे आधीच संपत होते, त्यामुळं त्यांनी वॉशरवर दाब पडलाच नव्हता. पडला असता तर पंखा खडखडला नसता.

"म्हणजे या लांब बोल्टांच्या आधी," आक्का म्हणाल्या, "इथं बरोबर बोल्ट आवळलेले हुते."

"मी आवळलेले होते," स्नेहल म्हणाली, आणि सकाळपासून न रडलेली ती मुलगी तिथंच खाली बसून रडली.

आक्कांनी तिला रडू दिलं. घाईगडबडीत चुकीचे बोल्ट घालणारा माणूस आधी बरोबर घालून, आवळून, मग ते काढून चुकीचे घालत नाही. हे दुसऱ्या कुणीतरी केलं होतं. टोपी काढली, बोल्ट बदलले, जुनी रेघ पुसून नवी ओढली, टोपी परत लावली, आणि नवे बोल्ट स्नेहलच्या फडक्यात बांधले. ही चूक वाटावी म्हणून एवढा खटाटोप केला होता.

यातलं अक्षरही कुणाला सांगायचं नाही, अशी आक्कांनी तिला ताकीद दिली. नवऱ्यालाही नाही. आज तुझ्या मावशीकडं राहा, डोकं दुखतंय म्हणून सांग.

स्नेहलनं विचारलं, त्याला का नको? आक्का गुडघ्यांवर हात टेकून उठल्या.

४

शनिवारी संध्याकाळी, रात्री कुलूप लागेपर्यंत, हँगर उघडाच होता. बाळासोंच्या शेतघरात चहापाणी चाललं होतं. स्नेहलची मुलाखत घ्यायला एका वर्तमानपत्राचा माणूस आला होता, सोबत फोटोवाला. ती मुलाखत रंगली तेवढ्या वेळात हँगरमध्ये तीन माणसं आळीपाळीनं एकटी होती. अभिराम हर्डीकर, अवनी आणि राजवीर.

बाळासोंना त्या मुलाखतीची फार मौज वाटली होती. त्यांनी ती हसत हसत सांगितली. फोटोवाल्याला स्नेहल एकटी हवी होती, पंख्याचं चित्र हातात घेतलेली. राजवीर शेजारी उभा होता, त्याला ओळखलंच नाही. पावणं, जरा बाजूला सरकता काय, असं म्हणाला. वैमानिक माणूस, अन् त्याला पावणं म्हणाला. राजवीरही हसला आणि बाजूला सरकला.

आक्काही हसल्या.

मग अभिराम हर्डीकर. हे विमान स्नेहलच्या आधी त्याच्या हाताखाली होतं. चाळिशी ओलांडलेला, कपड्यांना एक सुरकुती नसलेला माणूस. बाळासोंनी त्याला काढलं नव्हतं. स्नेहलला आणलं, तेव्हा तो स्वतःच सोडून गेला होता. शनिवारी उरलेली हत्यारं न्यायला आला होता, असं त्यानं सांगितलं.

आक्कांनी विचारलं, हत्यारं न्यायला एवढा वेळ? तो खिडकीबाहेर बघत राहिला. ज्या माणसाला एक गोष्ट सांगायची नसते तो असाच बघतो, हे आक्कांना माहीत होतं. 

"तुम्हाला हसू येईल," अखेर अभिराम म्हणाला. "मी तिची चूक शोधायला गेलो होतो. लोकांनी इतकं डोक्यावर घेतलंय तिला. म्हटलं, कुठंतरी काहीतरी राहिलं असेल. बॅटरी घेऊन सगळं पाहिलं. टोपी लावलेली होती, बोल्ट दिसत नव्हते. म्हणून प्रत्येक पातं धरून अंगातली सगळी ताकद लावून हलवलं. काही सापडलं नाही."

"हललं न्हाय?"

"खडकासारखं होतं. मला वाईट वाटलं. हललं असतं तर आनंद झाला असता, हे सांगायलाही आता लाज वाटतेय."

हे आधी का नाही सांगितलंत, असं आक्कांनी विचारलं. मी तिच्यावर जळतो हे गावाला सांगितल्यासारखं झालं असतं, तो म्हणाला.

आक्कांनी त्याच्यावर विश्वास ठेवला. जळणाऱ्या माणसानं ज्याच्यावर तो जळतो त्याच्या बाजूची साक्ष द्यावी, यात त्याचा काही फायदा नव्हता. फायदा गप्प राहण्यातच होता.

म्हणजे अभिराम गेला तेव्हा पंखा घट्ट होता. त्याच्यानंतर अवनी आणि राजवीर, दोघंच उरले.

५

अवनीला बोलतं करावं लागलं नाही. ती कधीपासून भरून आली होती.

स्नेहल तिला आवडायची, असं ती आधी म्हणाली. मग म्हणाली, आवडायची पण घरात सकाळसंध्याकाळ तिचंच कौतुक. पप्पा जेवताना म्हणणार, स्नेहलनं असं केलं, स्नेहलनं तसं केलं. मी यांची मुलगी आहे, मलाही विमान येतं, पण ते कुणाच्या तोंडी नाही. शनिवारी ती विमानात बसली होती ते त्यासाठीच. मुलाखत तिकडं चाललीय तर आपणही आपले चार फोटो काढावेत.

तिची राजवीरवरही तक्रार होती. सर मला काहीच करू देत नाहीत, ती म्हणाली. सकाळी लवकर येऊन इंजिन गरम करायचं काम माझं. ते पप्पांनी मला दिलंय. रविवारी मी सगळ्यांच्या आधी आले, ऑफिसात बघते तर खिळ्यावर विमानाची किल्ली नाही. सर ती खिशात घालून घरी घेऊन गेलेले. आजवर कधी नेली नाही, नेमकी त्याच दिवशी. विसरलो म्हणाले.

शिवाय पहिल्या उड्डाणाचा ती काढत होती तो व्हिडिओ बिघडला. विमानाची तपासणी डाव्या पंखापासून सुरू करायची आणि नाकाकडं शेवटी यायचं, असं सरांनीच तिला शिकवलं होतं. म्हणून ती फोन धरून डाव्या पंखापाशी थांबली होती. सर आले ते तिच्याकडं न बघता थेट नाकाकडं गेले आणि पातं धरून हलवलं. पातं कधी असं हलवत नाहीत, नुसतं कडेवरून बोट फिरवतात. सगळं तिच्या पाठीमागं घडलं, तिला काही टिपता आलं नाही.

आक्कांनी तिला शांतपणे विचारलं, शनिवारी तू बाहेर पडलीस तेव्हा हँगरमध्ये कुणी होतं काय? नव्हतं, अवनी म्हणाली. सर पेट्रोल बघायला येत होते, वाटेत भेटले.

राजवीरला आक्कांनी सगळ्यात शेवटी भेटायचं ठरवलं होतं. देखणा, मोकळा माणूस. खुर्ची ओढून समोर बसला आणि आक्कांच्या गुडघ्यांची चौकशी केली. स्नेहलबद्दल फार मायेनं बोलला. ती हुशार आहे, पण हैदराबादचं ऐकल्यापासून तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मोठ्या कंपनीत असं झालं असतं तर काय झालं असतं? बरं झालं घरात झालं. अजून थोडी वर्षं इथंच राहावं, अनुभव घ्यावा, असं तो तिला सांगणार होता.

आक्कांनी त्याच्या नोकरीचं विचारलं. तो म्हणाला, विमान कंपन्यांकडं अर्ज केलेत, येतील बोलावणी. हे सांगताना तो पहिल्यांदाच आक्कांच्या डोळ्यांत न बघता बोलला.

किल्लीचं आक्कांनी मुद्दाम विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत त्या एकच गोष्ट घोळवत होत्या. ज्यानं हे केलं त्याला दोघांना मारायचं होतं, की कुणालाच मारायचं नव्हतं?

६

सोमवारी सकाळी सगळ्यांना हँगरमध्ये बसवलं. बाळासो, अवनी, अभिराम, राजवीर. स्नेहल विमानाच्या शेपटीकडं उभी राहिली. ती नवऱ्यापासून लांब का उभी आहे, हे त्याच्याही ध्यानात आलं असावं.

आक्कांनी आधी गड्ड्यावरचे वळ दाखवले आणि त्यांचा अर्थ सांगितला. स्नेहलची चूक नव्हती, हे ऐकल्यावर बाळासोंनी डोळ्यांवर रुमाल धरला. राजवीर म्हणाला, देवाचीच कृपा. मग म्हणाला, म्हणजे कुणीतरी मला मारायला टपलं होतं.

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "मी बी आधी तसंच समजले. पण मग एक विचार आला. मारायचं असतं तर ते उघडकीला यायची वाट कुणी बघितली नसती. ह्यात पंखा हलणं लई महत्त्वाचं हुतं. चारचौघांच्या समोर हलायला पायजे, आणि इंजिन सुरू व्हायच्या आत. कारण स्नेहलची चूक दिसायला पायजे, आणि जीव तर कुणाचा जायला नको."

त्या अभिरामकडं वळल्या. याला तिची चूक हवी होती, त्या म्हणाल्या, पण हा रविवारी इथं नव्हता. पंखा कुणी वेळेत हलवून बघेल याची खात्री त्याला कुठून असणार? अवनी जळत होती, पण ती स्वतः त्या विमानात बसणार होती. त्याहून मोठी गोष्ट, सकाळी इंजिन सुरू करायचं काम तिचंच होतं. तिनं बोल्ट बदलले असते तर ती किल्ली शोधत फिरली नसती.

मग त्यांनी खुर्ची पुढं ओढली. 

"इंजिन सुरू झालं तर माणूस मरंल, हे ज्याला ठाऊक हुतं, त्यानं एकच काळजी घेतली. इंजिन कुणी सुरू करू नये. म्हणून त्यानं किल्ली आपल्या खिशात ठेवली आणि घरी नेली. सकाळी आला तो रोजची रीत मोडून सरळ नाकाकडं गेला, आणि कधी हलवत नव्हता ते पातं हलवलं. कारण ते हलणार, हे त्यालाच ठाऊक हुतं."

कुणीच राजवीरचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

राजवीरनं आधी सगळं नाकारलं. किल्ली विसरलो होतो, पातं सहज हलवलं, माणूस एखाद्या दिवशी वेगळं करतो. तो बोलत होता आणि स्नेहल शेपटीकडून हळूहळू पुढं येत होती. ती समोर येऊन उभी राहिली तेव्हा त्याचं बोलणं आपोआप थांबलं.

"रेघ कुणी ओढली?" तिनं विचारलं. "माझ्यासारखी रेघ अभिराम सरांना जमत नाही. अवनीला तर ब्रश कुठं असतो ते माहीत नाही. मी घरी बसून रेघेचा सराव करताना कागद धरून माझ्याबरोबर कुणी रेघा ओढल्या होत्या, राजवीर?"

राजवीरनं मान खाली घातली.

मग तो बोलला. फार वेळ बोलला, पण त्यात नवं थोडंच होतं. तो आधी वैमानिक झाला, ती नंतर इंजिनिअर झाली. सुरुवातीला लोक तिला राजवीरची बायको म्हणायचे. मग हळूहळू तो स्नेहलचा नवरा झाला. लग्नकार्यात सगळे विमानाचं काही विचारायचं ते तिला विचारायचे, आणि तो ताट हातात घेऊन शेजारी उभा. त्याच्या अर्जांना उत्तर येत नव्हतं आणि तिला न मागता बोलावणं आलं. शनिवारी तो पेट्रोल बघायला म्हणूनच आला होता. लाकडी पंख्यापाशी ते फडकं दिसलं. पावणं, बाजूला सरका, हे शब्द कानात होते.

"ती जायला नको, एवढंच वाटलं," तो म्हणाला. "एक चूक व्हावी. फक्त एक. मग ती इथंच राहिली असती. तिला काही झालं नसतं, कुणालाच काही झालं नसतं. मी किल्ली नेली होती."

हे शेवटचं वाक्य त्यानं अशा आवाजात म्हटलं, जणू त्याबद्दल कुणीतरी त्याला बरं म्हणावं.

"मला झालं," स्नेहल म्हणाली. "काल मी तुझ्याकडं बघून थरथरत होते, की मी या माणसाला मारलं असतं. आणि तू माझ्या डोक्यावरून हात फिरवत होतास. तुला माहीत होतं, आणि तू हात फिरवत होतास."

अभिराम उठून बाहेर निघून गेला. बाळासोंनी मुलीचा हात घट्ट धरला होता.

७

दिल्लीला खरं तेच कळवलं गेलं. बाळासोंनी स्वतः लिहिलं आणि सही करायच्या आधी राजवीरला वाचून दाखवलं. त्याचं विमान चालवणं त्या दिवसापासून बंद झालं. पुढं चौकशी व्हायची ती होईल, पण माझ्या माळावर तू पाय ठेवायचा न्हाईस, एवढंच बाळासो त्याला म्हणाले.

नवा पंखा स्नेहलनंच पुन्हा बसवला. बाळासोंनी तिला थांब म्हटलं, दुसरा माणूस बोलावतो म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मात्र काम झाल्यावर टोपी लावायच्या आधी तिनं अभिरामला फोन केला आणि तपासून जा म्हणून सांगितलं. तो आला. खूप वेळ घेतला त्यानं. प्रत्येक बोल्टावर पाना लावून पाहिला, रेघा पाहिल्या, पाती हलवून पाहिली. मग तो म्हणाला की मला एवढं सरळ कधी जमलं नाही. हे म्हणताना त्याचा आवाज थोडा कडवट होता. स्नेहलला ते कळलं आणि तिनं त्याचे आभार मानले.

बेळगावहून आलेल्या एका शिक्षकानं विमान उडवलं, शेजारी अवनी. नव्या पंख्याचा आवाज जुन्यापेक्षा मऊ होता. विमान पन्हाळ्याच्या दिशेला वळेपर्यंत बाळासो वर बघत होते. स्नेहल इंजिनाच्या सुराकडं कान देऊन जमिनीकडं बघत होती. विमान उतरल्यावर तिनं पुन्हा टोपी काढली. रेघा जशाच्या तशा होत्या.

त्यानंतर ती घरी गेली. एकटी जाऊ नकोस म्हणून आक्का गाडी घेऊन तिच्यासोबत गेल्या आणि खाली थांबल्या. वर काय बोलणं झालं ते तिनं नंतर गाडीत सांगितलं. राजवीर दारात उभा होता. ती बॅग भरत होती. माफ करशील काय, असं त्यानं विचारलं.

"मग तू काय म्हणालीस?" आक्कांनी विचारलं.

"म्हटलं, त्या रविवारी तू मला माफ केलंस, मी न केलेल्या चुकीबद्दल. किती सहज केलंस. मला तितकं सहज जमणार नाही."

आक्कांनी गाडी सुरू केली. मुलगी खिडकीबाहेर बघत राहिली. शिरोलीचा पूल मागं पडला तसा तिचा फोन वाजला. हैदराबादहून होता. पत्र पाठवलंय, कधीपासून येता, असं विचारत होते. तिनं दिवस सांगितला. मग पलीकडून आणखी काहीतरी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "राहायची सोय एकटीचीच करा."